चार महिन्यांचा पगार आणि अकरा वर्षांचा ऋणानुबंध

प्रश्न थोडक्यात: नाशिकजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतून एका ताईंचं पत्र आलंय. वय अडतीस. प्लॅस्टिकचे सुटे भाग काढणाऱ्या छोट्या कारखान्यात त्या अकरा वर्षं तपासणी आणि पॅकिंगचं काम करतात. कामगार पंचवीसएक. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये. गेले चार महिने पूर्ण पगार झालेला नाही. शनिवारी शेठ 'उचल' म्हणून हजार-दीड हजार हातावर ठेवतात. असे सोळाएक हजार मिळाले, छत्तीसएक हजार येणं आहे. विचारलं की उत्तर एकच, "पार्टीचं पेमेंट अडकलंय, जरा कळ काढा." तिघे जण कंटाळून सोडून गेले, त्यांना अजून दमडी मिळालेली नाही. नेमणुकीचं पत्र कुणाकडेच नाही. नवरा म्हणतो, सोडून दे. सासूबाई म्हणतात, मुलीच्या आजारपणात ज्यांनी पैसे दिले त्यांच्याविरुद्ध जायचं नाही. काही सहकारी म्हणतात, येत्या सोमवारी सगळ्यांनी दांडी मारू. ताई विचारतात, "शेठ माणूस वाईट नाही. तक्रार केली तर गद्दारी होईल का? आणि सोडलं तर हक्काचे पैसे बुडतील का?"

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातला बराच भाग शेठ कसे चांगले आहेत हे सांगण्यात गेलाय. मला ते खरं वाटतं. छोटे कारखानदार मोठ्या कंपन्यांना माल देतात आणि बिलासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालतात, हेही खरं. तेव्हा शेठ लबाड आहेत असं धरून मी उत्तर देणार नाही. ते खरोखर अडचणीत आहेत असंच धरू.

आता कारखान्यात जरा नीट बघा. मशीन चालू आहे, म्हणजे वीज आहे. महावितरणचं बिल थकलं तर पंधरा दिवसांची नोटीस येते आणि मग जोडणी तोडतात. तेव्हा ते बिल भरलं जातंय. दाणा, म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, येतोय, म्हणजे दाणेवाल्याला निदान थोडे तरी पैसे पोचतायत, नाहीतर त्यानं गाडी पाठवलीच नसती. बँकेचा हप्ताही बहुधा जात असेल, कारण शेडवर कर्ज असेल तर तो चुकवणं परवडत नाही. शेठकडे पैसे कमी आहेत, पण अजिबात नाहीत असं नाही. जे आहेत ते कुणाला आधी द्यायचे हे ते रोज ठरवतात, आणि या रांगेत तुम्ही शेवटी आहात. जो काही तोडू शकतो, थांबवू शकतो किंवा जप्त करू शकतो, त्याला पैसे आधी मिळतात. तुम्ही कळ काढता, म्हणून तुमचा नंबर शेवटचा. पंचवीस जणांचं असंच येणं धरलं तर नऊ लाखांच्या घरात रक्कम जाते. एवढं कर्ज बिनव्याजी आणि बिनतारण कुठल्याच बँकेनं दिलं नसतं, ते तुम्ही देऊन बसलाय. तेव्हा तुम्ही पगार 'मागताय' ही भावना आधी काढून टाका. देणेकरी ते आहेत.

मुलीच्या आजारपणातल्या मदतीबद्दल बोलते. ते पैसे उसने होते आणि फिटले असतील, तर तो व्यवहार संपला. फिटले नसतील तर किती बाकी आहेत ते कागदावर मांडा, आणि पगाराच्या थकबाकीतून वळते करून घ्या असं स्वतःहून सांगा. मदत म्हणूनच दिले असतील तर त्याची जाण आयुष्यभर ठेवा, त्यात काही चुकीचं नाही. पण हे एक खातं आणि पगार हे दुसरं खातं. सासूबाईंनाही हे असंच सांगून बघा. त्या पिढीला खात्यांची भाषा आपल्यापेक्षा चांगली कळते.

आता तुमची भीती. "नेमणुकीचं पत्र नाही, मग आपण कामाला होतो हे सिद्ध कसं करणार?" ही भीती मला आलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात असते आणि मालकाला तिचाच सगळ्यात जास्त फायदा होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात वेतन संहिता, म्हणजे पगाराबाबतचा नवा कायदा, लागू झाली आहे. पगार मिळाला नाही असा दावा कामगारानं केला, तर पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेनं मालकावर टाकलेली आहे. तुम्ही तिथं कामाला होता एवढं दाखवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी तुमच्याकडे वाटतं त्यापेक्षा बरंच काही आहे: पीएफचं पासबुक, ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) नंबर, गेटपास, आधीच्या महिन्यांत बँकेत जमा झालेला पगार, 'उद्या दुसऱ्या पाळीला या' असा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज. या सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. ग्रुपमधून कधी काढून टाकतील सांगता येत नाही.

दोन गोष्टींत मात्र आजपासून सावध राहा, कारण पैसे खरे तिथं बुडतात.

पहिली, पगारपत्रकावरची सही. बऱ्याच छोट्या कारखान्यांत महिनाअखेरीला लेखनिक रजिस्टर पुढं सरकवतो, "सही करून ठेवा, ऑडिट आहे, पैसे मागाहून मिळतील." तुम्ही सही करता आणि कागदोपत्री पगार मिळालेला असतो. सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे हे मी वर म्हटलं. तुमची सही म्हणजे त्याच्या हातात आयता दिलेला पुरावा. पैसे हातात आल्याशिवाय सही करू नका. करावीच लागली तर शेजारी 'रक्कम मिळाली नाही' असं लिहून तारीख घाला आणि त्याचा फोटो घ्या. आधीच्या चार महिन्यांत अशा सह्या झाल्या असतील तर तेही लपवू नका, अर्जात सरळ लिहा. पगार बँकेतून होत असेल तर खात्याचा उतारा बोलेलच.

दुसरी, ही शनिवारची 'उचल'. उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. तुम्हाला मिळतंय ते झालेल्या कामाचं, तेही अर्धवट. उद्या हिशेबाची वेळ आली आणि वहीत 'उचल १६,०००' असं निघालं, तर ते तुमच्या अंगावरचं कर्ज म्हणून दाखवता येतं. म्हणून एक साधी वही करा. तारीख, रक्कम, आणि पुढं 'अमुक महिन्याच्या पगारापोटी'. पैसे घेतल्यावर लेखनिकाला किंवा शेठना मेसेज टाका: "आज १,५०० रुपये मार्चच्या पगारापोटी मिळाले, धन्यवाद." भांडण नाही, तंटा नाही, धन्यवादसुद्धा आहे, आणि तारखेनिशी नोंद झाली.

सोमवारच्या दांडीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: मारू नका. निदान अशी नको. औद्योगिक संबंध संहितेत आता निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच वेळी टाकलेली किरकोळ रजासुद्धा संप धरली जाते, आणि संपासाठी चौदा दिवस आधी नोटीस लागते. नोटीस न देता पंचवीसातले वीस जण घरी बसले तर तुमची बरोबर असलेली बाजू एका दिवसात उलटेल. शेठ पगाराऐवजी बेकायदा संपावर बोलू लागतील, आणि दंडाची टांगती तलवार तुमच्यावर येईल. एकजूट हवीच, पण ती एका अर्जावरच्या सह्यांत दिसू द्या.

तर करायचं काय? आधी शेठशी बोलायचं, पण एकटीनं नाही आणि नुसतं तोंडी नाही. चार-पाच जण मिळून जा. "कधी देणार?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. विचारा, "कुठल्या तारखेला किती?" चालू महिन्याचा पगार इथून पुढं ७ तारखेच्या आत पूर्ण, आणि थकलेले पैसे चार किंवा पाच हप्त्यांत, तारखा घालून, शेठच्या सहीनिशी. कायद्यानंही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो. शेठ तुम्ही म्हणता तसे असतील तर अशा कागदावर सही करायला त्यांना जड जाऊ नये. ज्याची द्यायची नियत आहे पण आज ऐपत नाही, त्याला हप्ते सोयीचेच पडतात. जो सहीला टाळाटाळ करतो त्याची अडचण पेमेंटची नाही, हे तुम्हालाही कळेल. तुमच्या 'शेठ चांगले आहेत का' या प्रश्नाचं उत्तर मी इथं बसून देऊ शकत नाही, हा कागद देईल.

सही झाली नाही, किंवा पहिलाच हप्ता चुकला, तर लेखी मागणी पाठवायची. वकीलच पाहिजे असं नाही. साध्या मराठीत एक पान: आम्ही खाली सह्या करणारे अमुक वर्षांपासून कामाला आहोत, अमुक महिन्यांचा इतका पगार थकलेला आहे, त्यापोटी इतके मिळाले, इतके बाकी, पंधरा दिवसांत द्यावेत. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती मागून घ्या. हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' अशी सही-शिक्का घ्या.

आणि मग कामगार आयुक्तांचं कार्यालय. पोलीस ठाण्यात जाऊ नका. तिथून बहुतेक वेळा "हे आमचं काम नाही, लेबर ऑफिसला जा" एवढंच ऐकून परत यावं लागतं. जिल्ह्याच्या कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात सरकारी कामगार अधिकारी असतात, त्यांच्याकडे अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. अधिकारी आधी मालकाला बोलावून घेतात. पुष्कळ प्रकरणं या पहिल्या बोलावण्यातच मिटतात, कारण मालकाला तारखांना यायला वेळ नसतो आणि बाकीची रजिस्टरं कुणी उघडून बघू नयेत असंही वाटत असतं. नाही मिटलं तर दावा रीतसर वेतन प्राधिकाऱ्यापुढं, म्हणजे असे दावे ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यापुढं जातो. एकाच अर्जात कितीही कामगार येऊ शकतात, नोंदणीकृत कामगार संघटनाही तुमच्या वतीनं अर्ज करू शकते. थकलेल्या पगाराशिवाय त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. 'पर्यंत' हा शब्द लक्षात ठेवा, दहापट मिळेलच असं समजून बसू नका. आदेश होऊनही मालकानं पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होते.

कायद्यात लिहिलंय की दावा तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. तुम्ही मनात वर्षभराचा हिशेब ठेवा, तारखा पडतात. नवीन संहितेची घडी अजून बसते आहे, त्यामुळे कार्यालयात कुणी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचं नाव घेईल, कुणी संहितेचं. त्या वादात तुम्ही पडू नका. अर्जावर 'थकीत वेतन मिळण्याबाबत' असं लिहा, कलम कुठलं लावायचं ते त्यांना बघू द्या. मुदत मात्र सांभाळा. संहितेत तीन वर्षं आहे, जुन्या कायद्यात एकच वर्ष होतं. सुरक्षित राहायचं तर वर्षाच्या आत अर्ज गेलेला बरा.

वकिलाच्या फीची काळजी वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बायकांना उत्पन्नाची अटही नाही, औद्योगिक कामगारांनाही नाही. तालुक्याच्या न्यायालयात त्यांची समिती असते आणि १५१०० हा मदतीचा फोन आहे.

यात गद्दारी कुठंच नाही. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड झालं. त्याच्या बांधकामावरच्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढं गेलं. न्यायालयानं म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानं मना केलेली वेठबिगारी आहे. दंडुका दाखवला नसला तरी भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच. तुमचे शेठ दंडुका दाखवत नाहीत, उलट गोड बोलतात. पण तुम्ही चार महिने का थांबलात? दुसरीकडे लगेच काम मिळेल याची खात्री नाही, आणि अडकलेले पैसे सोडवत नाहीत. शेठना हे माहीत आहे.

तक्रार केली म्हणून काढून टाकलं तर? ही शक्यता आहे, ती मी नाकारत नाही. असं काढणं कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरतं आणि त्याविरुद्ध दाद मागता येते, महाराष्ट्रात तर त्यासाठी १९७१ चा वेगळा कायदा आहे. पण दाद मागेपर्यंत चूल कशी पेटवायची हा प्रश्न उरतोच. म्हणून सह्या जितक्या जास्त तितकं बरं. एकीला काढणं सोपं असतं, पंधरा जणांना काढलं तर पॅकिंग कोण करणार? आणि तोवर दुसरीकडे काम शोधायला लागा, मनात अपराधीपणा न ठेवता.

म्हणजे सोडायचं का? नवऱ्याचं म्हणणं मला निम्मं पटतं. हप्त्यांचा कागद झाला आणि पाळला गेला तर थांबा. नाही झाला तर पाचवा महिना फुकट घालवू नका. थांबल्यानं जुने पैसे लवकर मिळतात असा अनुभव नाही, फक्त येणं वाढत जातं. सोडल्यानं येणं बुडत नाही. उलट राजीनामा दिल्यावर किंवा काढून टाकल्यावर राहिलेला सगळा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असं संहिता सांगते. राजीनाम्यात 'चार महिन्यांचा पगार थकल्यामुळे' हे कारण लिहा. आणि सोडताना पुढं केलेल्या 'सर्व हिशेब मिळाला' अशा छापील कागदावर सही करू नका, मग शेठ कितीही डोळ्यांत पाणी आणोत.

तुमच्या पत्रात ग्रॅच्युइटीचा, म्हणजे बरीच वर्षं काम केल्यावर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, उल्लेखच नाही, म्हणून मीच सांगते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाच वर्षं सलग काम झालं की ती मिळते, राजीनामा दिला तरी. हिशेब असा: १३,००० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), म्हणजे दिवसाचे ५००, गुणिले १५ दिवस, म्हणजे वर्षाचे ७,५००, गुणिले अकरा वर्षं, म्हणजे ८२,५०० रुपये. पगाराच्या थकबाकीच्या दुपटीहून जास्त रक्कम, आणि तुम्ही छत्तीस हजारांचीच चिंता करताय! त्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो, तो सोडताना विसरू नका.

पीएफचं पासबुक आजच उमंग ॲपवर उघडून बघा. ज्या महिन्यांत पगारातून पीएफ कापला ते सगळे महिने तिथं दिसले पाहिजेत. कापला पण भरला नाही असं निघालं तर ते प्रकरण साध्या थकबाकीपेक्षा गंभीर आहे. कामगाराचा कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो. ती तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे वेगळी करायची.

सगळ्यात वाईट शक्यताही बोलून ठेवते. कारखाना बंदच पडला आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर तिथल्या अधिकाऱ्याकडे कामगारांनी मुदतीत दावा नोंदवावा लागतो. मालमत्ता विकायची वेळ आली तर कामगारांचं शेवटच्या चोवीस महिन्यांचं येणं तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीनं धरलं जातं. पण दावा नोंदवलेलाच नसेल तर तुमच्या वतीनं कुणी आठवण काढणार नाही. कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला आहे की शेठच्या एकट्याच्या नावावर, तेही बघून ठेवा. दिवाळखोरीचं हे प्रकरण कंपनीपुरतं आहे. जीएसटीचा बोर्ड दारावर लावलेला असतो, त्यावर नाव मिळेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. ठेकेदारामार्फत कामाला असाल आणि ठेकेदार पसार झाला असेल, तर ज्यांच्या आवारात काम केलं त्या मूळ मालकाकडे पगार मागता येतो. अर्जात दोघांचीही नावं घाला. रोजंदारीवर असाल तर मजुरी त्याच दिवशी, पाळी संपताना मिळाली पाहिजे. आणि ऑफिसात बसणाऱ्यांनो, शाळेत शिकवणाऱ्यांनो, 'लेबर ऑफिस आपल्यासाठी नाही' असं समजू नका. जुन्या कायद्याला २४,००० रुपयांची पगारमर्यादा होती, वेतन संहितेत पगार देण्याच्या नियमांना ती राहिलेली नाही.

ताई, जे तिघे सोडून गेले त्यांना या आठवड्यात फोन करा. त्यांचं येणंही अजून जिवंत आहे आणि त्यांना नोकरी जायची भीती उरलेली नाही, त्यामुळे अर्जावर पहिल्या सह्या करायला तेच पुढं येतील.